नामवंतांचा वेश आणि आपले कपाट

पुस्तकांच्या कोणत्याही मोठ्या दुकानात आज एक फळी अशी आढळते, की जिच्यावर नामवंत व्यक्तींनी लिहिलेली, अथवा त्यांच्या नावावर दुसऱ्या कुणी लिहून दिलेली, वेशभूषेची मार्गदर्शक पुस्तके मांडून ठेवलेली असतात. अभिनेत्री, खेळाडू, राजघराण्यांतील स्त्रिया, चित्रपटांचे वेशरचनाकार अशा अनेकांचा या लेखकवर्गात समावेश होतो. कोणता रंग कोणत्या वर्णाला खुलतो, उंचीने कमी असलेल्यांनी काय टाळावे, लग्नसमारंभास काय नेसावे आणि कचेरीत काय घालावे, याविषयीचा उपदेश त्यांत भरलेला असतो. घरातील लेकी-सुना ही पुस्तके आवडीने चाळतात, वडीलधारी मंडळी त्यांना नावे ठेवतात आणि वाद बहुधा तेथेच संपतो. परंतु अशा पुस्तकांचा सामान्य वाचकाला खरोखर उपयोग होतो काय, हा प्रश्न आवडीनिवडीवर सोडून न देता इतिहासाच्या आधारे तपासून पाहण्याजोगा आहे. या इतिहासाचा बराच भाग मुंबई इलाख्यात, बडोद्यात आणि मराठी रंगभूमीवर घडलेला असल्यामुळे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना तो परका नाही.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोणताही वेश हे कोणत्या तरी अडचणीवर शोधलेले उत्तर असते. हवामान, काम, वय, शरीराची ठेवण, समाजाचा धाक, हाताशी असलेला पैसा यांतून ती अडचण निर्माण होते. नामवंत व्यक्तीच्या वेशाचे उत्तर तेवढे आपल्या दृष्टीस पडते. त्यामागची अडचण पडद्याआड राहते. ती अडचण आपलीही असेल, तर उत्तर आपल्या कामी येते. ती आपली नसेल, तर आपण दुसऱ्याचे औषध घेतो आणि पैसे मात्र आपले खर्च करतो. गेल्या दीडशे वर्षांतील काही उदाहरणे या कसोटीवर घासून पाहू.

पहिले उदाहरण ज्ञानदानंदिनीदेवी टागोर यांचे. त्यांचे पती सत्येंद्रनाथ हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळविणारे पहिले भारतीय. १८६४ मध्ये त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि ज्ञानदानंदिनी त्यांच्याबरोबर मुंबईस आल्या. पुढे कारवार, सातारा अशा ठिकाणी न्यायखात्यात काम केलेल्या सत्येंद्रनाथांनी तुकोबांच्या अभंगांचे बंगालीत भाषांतर केले, ही गोष्ट आपल्यातील अनेकांना ठाऊक असेल. त्यांच्या पत्नीने याच प्रांतातून बंगालला दिलेली देणगी मात्र तेवढी सांगितली जात नाही. त्या काळी बंगालमधील प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया एकच वस्त्र अंगाभोवती लपेटून घेत. त्याखाली चोळी वा परकर घालण्याची सर्वसाधारण रीत नव्हती. अंतःपुराच्या भिंतींआड ते पुरेसे होते. घराबाहेर पडून चारचौघांत वावरायचे म्हटले, की तेच वस्त्र अपुरे ठरत असे. मुंबईच्या प्रवासासाठी त्यांना फ्रेंच दुकानातून एक पोशाख शिवून घेऊन देण्यात आला. परंतु तो इतका अवघड होता, की त्यांना तो एकटीने घालताही येईना.

मुंबईत माणकजी करसेटजी यांच्या पारशी कुटुंबाच्या सहवासात या पेचाचे उत्तर त्यांना सापडले. पारशी स्त्रियांची नेसण त्यांनी पाहिली, तिच्यात आपल्या सोयीने फेरफार केला आणि पदर डाव्या खांद्यावर घेतला. त्यामुळे उजवा हात मोकळा राहिला. जोडीला पोलके आणि परकर आले. ही नेसण घेऊन त्या कलकत्त्यास परतल्या, तेव्हा प्रथम गहजब झाला आणि मग कुतूहल जागे झाले. १८७१ मध्ये ‘बामाबोधिनी पत्रिका’ या स्त्रियांच्या बंगाली मासिकातून त्यांनी सूचना दिली, की ज्यांना अशी साडी नेसण्यास शिकावयाचे असेल त्यांना आपण शिकवू. एका नामवंत घराण्यातील स्त्रीने सामान्य वाचक स्त्रियांना दिलेले हे वेशभूषेचे मार्गदर्शनच होय. बंगालमध्ये ही नेसण प्रथम ब्राह्मो समाजातील घरांत रुजली म्हणून तिला ‘ब्राह्मिका साडी’ असे नाव पडले. आज देशभर नेसल्या जाणाऱ्या गोल साडीच्या इतिहासात तिचा वाटा मोठा मानला जातो.

हे मार्गदर्शन उपयोगी का पडले? ज्ञानदानंदिनी या मोठ्या घरच्या होत्या आणि लोकांचे लक्ष त्यांच्याकडे होते, हे खरे. पण तेवढ्याने नेसण रुजली नसती. घराबाहेर पडताना काय नेसावे, हा त्यांचा प्रश्न शाळेत जाऊ पाहणाऱ्या, आगगाडीतून प्रवास करणाऱ्या, सभेला बसणाऱ्या शेकडो स्त्रियांचा होता. नेसण शिकण्यास फारसा खर्च नव्हता. घरातल्या साडीवर पोलक्या-परकराची भर घातली, की काम भागत असे. शिवाय त्यांनी केवळ वेश दाखविला नाही, तर तो नेसावा कसा हे समोर बसवून शिकविण्याची तयारी ठेवली.

शिकविणारे कुणी नाही आणि डोळ्यांसमोर चित्र मात्र आहे, अशी स्थिती पुढच्या उदाहरणात दिसते. चित्रकार राजा रविवर्मा १८८१ मध्ये बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी काढलेली चौदा पौराणिक चित्रे १८९० मध्ये पूर्ण झाली. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि लक्ष्मी, सरस्वती यांच्या रंगीत तसबिरी घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसल्या. त्यांच्या अनेक नायिकांच्या अंगावर मराठी पद्धतीचे नऊवारी लुगडे आहे. दमयंती कोणत्या देशीची आणि शकुंतला कोणत्या काळची, याचा विचार न करता पाहणाऱ्याने हे लुगडे पौराणिक स्त्रीचा वेश म्हणून स्वीकारले. स्वस्त तसबिरींनी भरजरी वेशाचा एक आदर्श सामान्य घरांत प्रथमच नेऊन ठेवला. पण चित्रातली लक्ष्मी कमळावर उभी असते. तिला विहिरीवर जायचे नसते. तो आदर्श पूजेचा होता आणि बहुतेक घरांनी तो तसाच ठेवला, ही त्या पिढीची समज म्हटली पाहिजे. सणासुदीला लुगड्याचा रंग वा काठ तसबिरीवरून निवडला गेला असेल. रोजचे लुगडे मात्र रोजच्या कामानेच ठरविले.

पूजेच्या भिंतीवरून हा आदर्श रंगभूमीवर उतरला, तेव्हा समज थोडी ढळली. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ मध्ये ‘मानापमान’ नाटकातील भामिनी आणि १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ नाटकातील रुक्मिणी त्यांनी उभी केली. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीला बडोदे दरबारचा आश्रय होता, त्यामुळे बडोद्याच्या जुन्या घरांत या आठवणी आजही सांगितल्या जातात. पुरुष असूनही बालगंधर्वांचा स्त्रीवेश सुखवस्तू मराठी घरांतील स्त्रियांना अनुकरणीय वाटला. पदर घेण्याची ढब, केसांत फुले माळण्याची रीत, दागिन्यांची निवड, शालूचा रंग यांबाबत स्त्रिया त्यांच्याकडे पाहून नेसू-सवरू लागल्या. कोणतेही पुस्तक न लिहिता एका नटाने एका समाजाला वेशभूषेचे धडे दिले.

येथे आपली कसोटी लावून पाहावी. बालगंधर्वांपुढचा प्रश्न रंगभूमीचा होता. पुरुषाच्या देहातून स्त्रीचे लावण्य दाखवायचे, त्या काळच्या दिव्यांच्या उजेडात ते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे आणि प्रेक्षकाला राजकन्येच्या वैभवाची प्रचीती द्यायची, ही त्यांची अडचण. त्यासाठी खऱ्या जरीचे शालू, उंची अत्तरे, भारी गालिचे यांवर मंडळीने सढळ हाताने खर्च केला. परिणाम सर्वश्रुत आहे. नाटके गर्दीत चालू असतानाही १९२१ च्या सुमारास मंडळी मोठ्या कर्जात बुडाली आणि ते फेडण्यात बालगंधर्वांची उमेदीची वर्षे गेली. ज्या वेशाकडे पाहून घरोघरी शालूंची मागणी झाली, तो वेश ज्याने घातला त्यालाही परवडला नव्हता. ‘मानापमान’ नाटकात धनाढ्य भामिनी गरीब मुलीचा वेश घेऊन धैर्यधराचे मन ओळखते. वैभवाचा पोशाख उतरविल्यावरच खरे काय ते कळते, असे त्याचे कथानक आहे. प्रेक्षागृहातून घरी परतताना स्मरणात राहिला तो मात्र शालू.

तरीही बालगंधर्वांच्या अनुकरणाने सामान्य स्त्रीचा काहीच लाभ झाला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पदर खांद्यावर कसा ठेवावा, चालताना निऱ्या कशा सावराव्यात, फूल कोठे माळावे, या गोष्टींना पैसा लागत नाही. शालू न परवडणाऱ्या घरातही ही ढब जाऊ शकत होती. नामवंतांच्या वेशातील वस्तू आणि ढब या दोन गोष्टी अशा वेगळ्या काढता येतात. वस्तू विकत घ्यावी लागते, ढब पाहून शिकता येते. आजच्या मार्गदर्शक पुस्तकांत ढबीची पाने थोडी आणि वस्तूंची पाने फार, ही त्यांच्याविषयीची मुख्य तक्रार आहे.

बडोद्याचा विषय निघाला असता इंदिराराजे गायकवाड यांना वगळून पुढे जाता येणार नाही. सयाजीराव महाराज आणि दुसऱ्या चिमणाबाई यांची ही कन्या १८९२ मध्ये जन्मली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेला विवाह त्यांनी १९११ मध्ये स्वतः मोडला आणि १९१३ मध्ये लंडनमध्ये कुचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी लग्न केले. १९२२ च्या डिसेंबरात जितेंद्रनारायण वारले, तेव्हा इंदिरादेवी तीस वर्षांच्या होत्या. अज्ञान पुत्राच्या वतीने संस्थानचा कारभार त्यांच्याकडे आला. त्या काळच्या चालीप्रमाणे विधवेने रंग आणि भरजरी वस्त्रे सोडायची. परंतु राज्यकारभारासाठी दरबारी बसायचे, युरोपात प्रवास करायचा, मेजवान्यांत यजमानीण म्हणून वावरायचे, हेही सुटत नव्हते. त्यांनी काढलेले उत्तर म्हणजे पांढऱ्या शिफॉनची साडी. साडीच्या पन्ह्याचे तलम रेशमी शिफॉन त्यांनी फ्रान्समध्ये विणवून घेतले, असे सांगितले जाते. वैधव्याची मर्यादा पाळली गेली आणि रुबाबही राहिला. इतर संस्थानांतील राण्यांनी ती साडी उचलली. त्यांच्या कन्या गायत्रीदेवी यांच्यामुळे शिफॉन आणि मोत्यांची माळ हा जोड पुढे राजघराण्याचा वेश म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

इंदिरादेवींच्या शौकाच्या कथा पुष्कळ आहेत. इटलीतील प्रसिद्ध पादत्राणकार साल्वातोरे फेरागामो यांच्याकडे त्यांनी शंभरावर जोड्यांची मागणी नोंदविली आणि त्यांतल्या काहींवर जडविण्यासाठी आपल्याकडचे हिरे-मोती पाठविले. सामान्य वाचकाने यातून काय शिकावे? काहीच नाही, असे उत्तर सुचते आणि पादत्राणांपुरते ते बरोबरही आहे. शिफॉनच्या साडीची गोष्ट मात्र निराळी आहे. रूढीने घातलेल्या मर्यादेत राहून आपला मान कसा राखावा, हा तरुण विधवेचा प्रश्न त्या काळच्या हजारो घरांत होता. ज्या घरांना तिच्या साडीचा पदरही परवडला नसता, त्या घरांतील विधवेलाही हे उदाहरण काही सांगत होते. तेवढा अर्थ त्या वेशाबरोबर समाजात उतरला असता, तर ते फार मोठे मार्गदर्शन झाले असते. प्रत्यक्षात अर्थ मागे राहिला आणि कापड तेवढे पुढे गेले.

कापड पुढे गेले, तेही उशिरा. अस्सल रेशमी शिफॉन महाग, नाजूक आणि धुण्यास कटकटीचे. नायलॉन आणि पुढे पॉलिएस्टर यांचे धागे १९६० नंतर स्वस्त होऊ लागले आणि सुरतेच्या गिरण्यांतून तशाच दिसणाऱ्या साड्या बाहेर पडू लागल्या, तेव्हाच ही साडी मध्यमवर्गीय कपाटात आली. राणीच्या आदर्शाने जे साधले नव्हते, ते धाग्याच्या किमतीने साधले. नामवंतांमुळे वस्तूची इच्छा उत्पन्न होते. ती वस्तू सामान्यांच्या हाती येते ती गिरणी, रंगारी आणि दुकानदार यांच्यामुळे. मार्गदर्शक पुस्तकांत पहिल्या गोष्टीचे श्रेय भरपूर दिलेले असते, दुसरीचा उल्लेखही नसतो.

या स्थित्यंतरात आपल्या घरांतून काय गेले, तेही पाहिले पाहिजे. शिफॉनचा कासोटा घालता येत नाही; ते कापड गोल नेसण्याचेच आहे. पाचवारी गोल साडी रूढ होण्याची कारणे अनेक आहेत. शिक्षण, नोकरी, प्रवास आणि कापडाचा खर्च ही त्यांतील मुख्य. त्या बदलाबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु नऊवारीबरोबर कापडाची एक जाणही घरात नांदत होती. महेश्वरला अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात विणकर वसविले. त्यांच्या लुगड्याचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे ते उलटसुलट नेसता येई. चंदेरीचे विणकर ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे आणि नागपूर येथील मराठी घरांसाठी तलम लुगडी विणीत. १९१० मध्ये शिंदे सरकारने तेथे विणकामाचे शिक्षण देणारे केंद्र काढले. बेळगावकडे शहापुरी आणि इरकली, हैदराबादकडे नारायणपेठी, अशी प्रत्येक ठिकाणची आपली निवड होती. उन्हाळ्यात कोणते नेसावे, बाळंतिणीला कोणते द्यावे, कोणता रंग धुण्यात जातो, विरलेल्या लुगड्याची गोधडी कशी शिवावी, हे सारे आजी, सासू आणि ओळखीचा कापडवाला यांच्याकडून कळत असे. नामवंतांच्या पुस्तकाने रिकामी जागा भरली, ती याच मार्गदर्शकांची.

ती जागा भरण्यात जाहिरातीचा हात मोठा होता. धारवाडात १९०९ मध्ये जन्मलेल्या लीला चिटणीस या मराठी रंगभूमीवरून चित्रपटात गेल्या आणि बॉम्बे टॉकीजच्या नायिका म्हणून देशभर गाजल्या. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत त्या झळकल्या; तेथे झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. हॉलिवूडच्या नट्यांना घेऊन ही कंपनी परदेशात जे करीत होती, तेच आता येथे सुरू झाले. जाहिरातीची भाषा सल्ल्याची होती. मैत्रिणीने मैत्रिणीला गुपित सांगावे तशी. कांतीचे श्रेय साबणाला मिळाले. नटीची जन्मजात ठेवण, रंगभूषाकार आणि प्रकाशयोजना यांचा त्यात उल्लेख नव्हता. तेव्हापासून नामवंताचा सल्ला आणि विक्रेत्याची जाहिरात यांमधली रेघ पुसट होत गेली. पुस्तक वाचताना लेखकाचे नाव पाहतो, तसेच त्यात नाव घेतलेल्या मालाचे पैसे कुणाला मिळतात, हेही पाहावे. जाहिरात म्हणून जाहिरात वाचण्यात वावगे काही नाही. ती उपदेश म्हणून वाचली, तर फसगत होते.

या व्यवसायातील मंडळींनी लिहिलेली सगळीच पुस्तके विक्रीच्या हेतूने लिहिलेली असतात, असेही नाही. पॅरिसचे वेशरचनाकार क्रिस्तियाँ दिओर यांनी १९५४ मध्ये फॅशनचा एक छोटा शब्दकोश लिहिला. ज्यांना त्यांच्या दालनाची पायरी चढणे शक्य नव्हते, अशा स्त्रियांना उद्देशून त्यात साधेपणा, नीटनेटकेपणा आणि अभिरुची यांवर भर आहे. हॉलिवूडच्या वेशरचनाकार ईडिथ हेड यांनी १९५९ आणि १९६७ मध्ये अशीच पुस्तके लिहिली. नट्यांच्या शरीरातील उणिवा झाकण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे प्रसंग, शरीर आणि कपडा यांचा मेळ कसा घालावा, यावर त्या बोलत. अशा पुस्तकांत वस्तूंची यादी शिळी होते. विचार करण्याची रीत शिळी होत नाही. ती रीत ज्याने उचलली, त्याचे पैसे वसूल झाले.

उलट, रीत न उचलता केवळ उत्तर उचलले तर काय होते, हे १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’ चित्रपटाने दाखविले. नायिका साधना यांचे कपाळ पडद्यावर फार रुंद दिसत होते. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नसारखी केसांची झालर कपाळावर आणून ते झाकले. पाहता पाहता ‘साधना कट’ देशभर पसरला. इंदूर-हैदराबादच्या शाळा-महाविद्यालयांत त्या काळी शिकलेल्या भगिनींना तो नक्कीच आठवत असेल. मूळ अडचण एका विशिष्ट कपाळाची. उत्तर मात्र लहान कपाळाच्या, कुरळ्या केसांच्या, गोल चेहऱ्याच्या साऱ्या मुलींनी घेतले. कित्येकींना ते शोभले, कित्येकींना शोभले नाही. केस पुन्हा वाढतात, त्यामुळे हानी फार झाली नाही. लग्नासाठी कर्ज काढून घेतलेल्या तारांकित पोशाखाच्या नकलेबाबत तसे म्हणता येत नाही.

याच साधना यांच्या ‘वक्त’ या १९६५ च्या चित्रपटातील अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि चुडीदार यांचाही देशभर प्रसार झाला. ते कपडे योजणाऱ्या भानू अथैया या मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये. १९२९ मध्ये त्यांचा जन्म झाला. जे. जे. कलाशाळेत शिकून त्यांनी स्त्रियांच्या मासिकासाठी वेशचित्रे काढण्यापासून प्रारंभ केला आणि ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. २०१० मध्ये त्यांनी आपल्या कामावर पुस्तक लिहिले. २०२० मध्ये त्या वारल्या. १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मुमताज यांना वेगवान नाच करायचा होता आणि साडी सुटता कामा नये, ही अडचण होती. अथैयांनी ती साडी आधीच शिवून, चेन लावून तयार केली. आज शोभायात्रांत आणि लग्नांत शिवलेली नऊवारी नेसणाऱ्या मुली आपण पाहतो. कासोटा घालणे आईलाही येत नाही, पण त्या दिवशी नऊवारी तर हवी, ही त्यांची अडचण. वेश शिवून ठेवणे हे तिचे उत्तर. वडीलधाऱ्यांनी तिला हसण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, की तिची अडचण खरी आहे आणि ती आपल्याच पिढ्यांनी निर्माण केलेली आहे.

नामवंतांच्या वेशाचा लाभ नेसणाराला न होता विणणाराला होतो, असेही कधी घडते. २००९ च्या डिसेंबरात ‘थ्री इडियट्स’ चित्रपटाच्या प्रचारासाठी आमिर खान आणि करीना कपूर चंदेरीजवळच्या प्राणपूर या विणकरांच्या गावी गेले होते. करीना यांच्या नावाने एका चंदेरी साडीला मागणी आली आणि मागावर काम करणाऱ्यांच्या नशिबी काही काळ बरे दिवस आले. परंतु जे नाव मागणी आणते, तेच नाव यंत्रमागावरच्या नकलांनाही चिकटविता येते. ग्राहकाला नाव तेवढे ठाऊक असेल आणि कापड ओळखता येत नसेल, तर नकलेचाच खप होतो. महेश्वरला १९७९ मध्ये होळकर घराण्यातील रिचर्ड व सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ ही संस्था काढून विणकाम पुन्हा उभे केले. तेथे नाव तर मोठे होतेच, पण नावाबरोबर मागाची, धाग्याची आणि विणकर स्त्रियांच्या मजुरीची काळजीही होती. म्हणून ते टिकले.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, तरी संदिग्धही ठेवण्याचे कारण नाही. नामवंतांची मार्गदर्शक पुस्तके सामान्य वाचकाला उपयोगी पडतात. मात्र त्यांतील वस्तूंच्या याद्या सोडून देऊन, अमुक वेश अमुक व्यक्तीने कोणत्या अडचणीपोटी स्वीकारला, हे जो शोधतो त्यालाच. ज्ञानदानंदिनींची नेसण पसरली, कारण तिच्यामागचा प्रश्न सर्वांचा होता. साधना यांची झालर पसरली, तरी तिच्यामागचा प्रश्न एकीचाच होता. बालगंधर्वांकडून ढब घेण्याजोगी होती, शालू नव्हता. इंदिरादेवींकडून धैर्य घेण्याजोगे होते, आपण साडी घेतली. पुस्तक हाती घेणाऱ्या नातीला एवढे सांगता आले, तर तिच्या हातून ते हिसकावून घेण्याची गरज उरत नाही.

परंतु तिला हे सांगायचे, तर आपल्याजवळही काही सांगण्यासारखे हवे. आपल्या घरांत अजून अशा स्त्रिया आहेत, की ज्यांना नुसत्या बोटांनी चाचपून चंदेरी कोणती आणि नक्कल कोणती हे कळते. ज्यांना इरकलीचा टोपपदर ओळखता येतो, कासोट्याच्या तऱ्हा ठाऊक आहेत, जरीचे लुगडे कशात गुंडाळून ठेवावे हे माहीत आहे. त्यांतील बहुतेकींनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. हे ज्ञान कोणत्याही नामवंताच्या पुस्तकात सापडणार नाही, कारण ते आपल्या हवेसाठी, आपल्या शरीरासाठी आणि आपल्या ऐपतीसाठी घडलेले आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या मंडळांनी प्रत्येकी दहा-बारा घरांतील अशी माहिती लिहून घेतली, लुगड्यांचे नमुने व नेसणीची छायाचित्रे जोडली, तर सामान्य वाचकाला खरोखर उपयोगी पडेल असे मार्गदर्शक पुस्तक तयार होईल. हे काम पुढील वर्षावर टाकण्याजोगे नाही. ज्यांना विचारायचे, त्या आज आपल्यात आहेत.